ध्वनिमुद्रिकेपासून पॉडकास्टपर्यंत : दृक्-श्राव्य साहित्याच्या मेटाडेटाचा इतिहास आणि मराठी आशय

सारांश

ग्रंथ हातात घेऊन चाळता येतो. ध्वनिमुद्रण अथवा चित्रफीत तशी चाळता येत नाही. म्हणून दृक्-श्राव्य साहित्य जिज्ञासूंपर्यंत पोहोचणे हे त्या साहित्याविषयी लिहिलेल्या वर्णनावर, म्हणजेच मेटाडेटावर अवलंबून राहते. प्रस्तुत निबंधात १९०२ मधील ग्रामोफोन ध्वनिमुद्रणापासून आजच्या पॉडकास्ट व ऑनलाइन व्हिडिओंपर्यंत या वर्णनपद्धतीचा विकास कसा झाला, याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. वर्णन करण्याचे काम प्रथम प्रकाशक व ग्रंथपाल यांच्याकडे, नंतर निर्मात्याकडे आणि अखेरीस यंत्राकडे गेले. या स्थित्यंतरात मराठी आशयाची विशेष हानी होत असून ती टाळण्यासाठी महाविद्यालयीन ग्रंथालयांनी हे काम पुन्हा हाती घेणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मेटाडेटा, तालिकीकरण, पॉडकास्ट, ऑनलाइन व्हिडिओ, डब्लिन कोअर, युनिकोड, मराठी आशय

१. प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यानंतर देशभरातील महाविद्यालयांचे अध्यापन अल्पावधीत ऑनलाइन माध्यमाकडे वळले. ज्यांनी तोवर कधी कॅमेऱ्यासमोर व्याख्यान दिले नव्हते, अशा असंख्य प्राध्यापकांनी भ्रमणध्वनीच्या साहाय्याने आपली व्याख्याने मुद्रित केली व ती यूट्यूबसारख्या मंचांवर ठेवली. काहींनी केवळ ध्वनिरूपातील व्याख्यानमाला सुरू केल्या. परिणामी विद्यापीठीय विषयांवरील मराठी व्याख्यानांचा मोठा साठा महाजालावर निर्माण झाला.

यांतील अनेक व्याख्यानांची शीर्षके ‘लेक्चर १’, ‘युनिट २ भाग ३’ किंवा ‘एस.वाय.बी.ए. सेम ४’ अशा स्वरूपाची होती. ज्या वर्गासाठी ते व्याख्यान होते, त्या वर्गाला दुवा थेट पाठविला जात असे. त्यामुळे शीर्षकात विषय, वक्ता वा काळ नमूद करण्याची निकड कोणालाच भासली नाही. यथावकाश वर्ग पुढे गेला, दुवा संदेशांच्या गर्दीत हरवला आणि व्याख्यान महाजालावर असूनही नसल्यासारखे झाले. त्याच विषयाचा शोध घेणाऱ्या दुसऱ्या गावातील विद्यार्थ्याला ते सापडण्याचा मार्गच उरला नाही.

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटत असला, तरी त्याचे मूळ तंत्रात नाही. ध्वनी व चलत्‌चित्र यांचे वर्णन कोणी करावे, हा प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या आरंभापासून उपस्थित आहे आणि निरनिराळ्या काळांत त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास पाहिल्याशिवाय आजच्या अडचणीचे स्वरूप ध्यानात येत नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) दृक्-श्राव्य साहित्याच्या वर्णनपद्धतीतील प्रमुख टप्प्यांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) पॉडकास्ट व ऑनलाइन व्हिडिओ यांच्या मेटाडेटाची रचना व मर्यादा स्पष्ट करणे.
३) मराठी आशयाच्या संदर्भातील विशेष अडचणींचा विचार करून महाविद्यालयीन पातळीवरील उपाय सुचविणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन महाजालावर खुल्या असलेल्या शैक्षणिक व माहितीपर आशयापुरते मर्यादित आहे.

३. मेटाडेटा : संकल्पना व पूर्वपरंपरा

मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. संगणकशास्त्रातील ही संज्ञा फिलिप बॅग्ली यांनी १९६८ मध्ये वापरली. संज्ञा नवी असली तरी व्यवहार जुना आहे. ग्रंथालयातील तालिकापत्र हे मेटाडेटाचेच रूप होय. चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये तालिकेची नियमावली सिद्ध करताना लेखक, शीर्षक व विषय यांपैकी एखादी गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला ग्रंथ शोधता आला पाहिजे, हे तालिकेचे पहिले प्रयोजन मानले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाच्या वेळेच्या बचतीविषयीचे आहे. तालिका, वर्गीकरण व निर्देशसूची यांचे समर्थन याच सूत्रातून होते.

रंगनाथन यांचे हे सूत्र ग्रंथापेक्षाही दृक्-श्राव्य साहित्याला अधिक लागू पडते. ग्रंथाची अनुक्रमणिका दोन मिनिटांत पाहून होते. एका तासाच्या व्याख्यानात नेमके काय आहे, हे वर्णनाच्या अभावी जाणून घ्यायचे, तर जवळजवळ तो संपूर्ण तास खर्ची घालावा लागतो. ग्रंथातील शब्द शोधयंत्राला थेट वाचता येतात. ध्वनीतील शब्द, त्यांचे लेखन झाल्याखेरीज, वाचता येत नाहीत. म्हणूनच दृक्-श्राव्य साहित्याच्या बाबतीत वर्णन ही सोय नसून गरज ठरते.

४. ग्रामोफोन ते ग्रंथालय : वर्णनाची पूर्वपीठिका

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच वर्णनाचा प्रश्न उभा राहिला होता. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. सुमारे तीन मिनिटांच्या गायनाच्या अखेरीस गौहर जान आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. मुद्रित तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना भारतीय भाषा व गायक यांची ओळख नव्हती. कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापावे, हे कळावे म्हणून ही उद्घोषणा केली जात असे, असे सांगितले जाते. वर्णन वस्तूपासून तुटू नये म्हणून ते वस्तूच्या आतच ठेवण्याची ही युक्ती होती. पुढे संगणकीय फाईलमध्ये जे अंतर्भूत मेटाडेटा म्हणून ओळखले जाऊ लागले, त्याचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

त्यानंतरच्या काळात तबकडीवरील छापील चकती हेच वर्णनाचे मुख्य साधन बनले. मराठी नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकांवर गायकाचे नाव, पदाचे आरंभीचे शब्द आणि नाटकाचे वा रागाचे नाव असे तपशील आढळतात. साथीदारांची नावे बहुधा नसत. ज्याची नोंद झाली नाही ते पुढे शोधणे अतिशय कष्टाचे ठरते, हे संगीताच्या अभ्यासकांना परिचित आहे. तबकडी सुस्थितीत असते, स्वर ऐकू येतात. पण तबला कोण वाजवीत आहे, हे सांगणारे कोणी उरलेले नसते.

चित्रपटाच्या क्षेत्रातही हेच घडले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोवर त्या काळातील बरेचसे चित्रपट नष्ट झाले होते. या चित्रपटाचा जो भाग आज उपलब्ध आहे, तो मूळ १९१३ मधील नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये केलेल्या नव्या आवृत्तीचा आहे, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील इतक्या महत्त्वाच्या कृतीविषयी वर्षाचाच वाद उत्पन्न व्हावा, यावरून निर्मितीच्या वेळी केलेल्या नोंदीचे मोल लक्षात येते.

ग्रंथालयांनी दृक्-श्राव्य साहित्याचे तालिकीकरण हळूहळू स्वीकारले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरॅम यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ ही संगणकवाचनीय तालिकापद्धती विकसित झाली. १९७८ च्या ‘ॲंग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमावली’च्या दुसऱ्या आवृत्तीत ध्वनिमुद्रणे व चलत्‌चित्रे यांसाठी स्वतंत्र प्रकरणे होती. या संपूर्ण कालखंडात वर्णन करणारी व्यक्ती प्रशिक्षित होती, नियमबद्ध होती आणि निर्मात्याहून वेगळी होती. वर्णनाची विश्वासार्हता या वेगळेपणावर आधारलेली होती. तथापि ही पद्धती वेळखाऊ व खर्चिक होती. महाजालाचा विस्तार होताच तिच्या मर्यादा उघड झाल्या.

५. डब्लिन कोअर व आयडी३ : निर्मात्याच्या हाती लेखणी

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन या गावी ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ यांची कार्यशाळा भरली. महाजालावरील साहित्य इतक्या वेगाने वाढत होते की प्रत्येक साहित्याचे पूर्ण तालिकीकरण करणे कोणत्याही ग्रंथालयाला शक्य नव्हते. म्हणून तज्ज्ञ नसलेल्या निर्मात्यालाही भरता येईल असा मोजक्या घटकांचा संच सुचविण्यात आला. आरंभी तेरा असलेले हे घटक पुढे पंधरा झाले. शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखचिन्ह, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती व हक्क हे ते पंधरा घटक होत. २००३ मध्ये या संचाला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. अमेरिकेतील सार्वजनिक प्रसारण संस्थांनी २००५ मध्ये ध्वनी-चित्र साहित्यासाठी तयार केलेला ‘पीबीकोअर’ हा संचही याच पायावर उभा होता.

याच सुमारास, १९९६ मध्ये एमपी३ फाईलच्या संदर्भात एरिक केंप यांनी ‘आयडी३’ ही पद्धती तयार केली. फाईलच्या शेवटी १२८ बाइटांची जागा राखून तीत शीर्षक, कलावंत व अल्बम यांसाठी प्रत्येकी ३० बाइट, वर्षासाठी ४, टिपणीसाठी ३० आणि प्रकारासाठी १ बाइट अशी विभागणी केलेली होती. उरलेले ३ बाइट ही खूण ओळखण्यासाठी होते. गायनाच्या अखेरीस नाव उच्चारण्याच्या जुन्या रीतीशी या रचनेचे साम्य लक्षणीय आहे.

ही रचना रोमन लिपी गृहीत धरूनच केलेली होती. युनिकोडच्या युटीएफ-८ या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने ३० बाइटांत केवळ दहा चिन्हे मावतात. ‘ज्ञानेश्वरी’ या एका शब्दात जोडाक्षरांचे हलन्त व मात्रा धरून अकरा चिन्हे आहेत. म्हणजे ३३ बाइट झाले. मराठीतील सर्वपरिचित ग्रंथाचे नावदेखील त्या रकान्यात पूर्ण मावले नसते. १९९८ मधील सुधारित आवृत्तीने ही मर्यादा दूर केली आणि युनिकोडसाठी जागा केली. मानक तयार करताना ज्यांची भाषा विचारात घेतली जात नाही, त्यांना नंतरच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

६. पॉडकास्टचा उदय व फीडची रचना

पॉडकास्टचा इतिहास हा मुळात एका मेटाडेटा-रचनेचा इतिहास आहे. संकेतस्थळांवरील नव्या मजकुराची वर्दी देणारी आरएसएस ही पद्धती १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आणली. डिसेंबर २००० मध्ये डेव्ह वायनर यांनी तिच्या नव्या आवृत्तीत ध्वनी-फाईलचा पत्ता, आकार व प्रकार नोंदविणारा ‘संलग्नक’ हा घटक समाविष्ट केला. ॲडम करी यांच्याशी झालेल्या चर्चेतून ही कल्पना पुढे आली होती. मजकुरासाठी असलेल्या वर्दीपत्रात ध्वनीचा पत्ता लिहिण्याची सोय झाली आणि त्यातून एक नवे प्रसारमाध्यम आकारास आले. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ या दैनिकातील लेखात बेन हॅमरस्ले यांनी या माध्यमासाठी ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द योजला.

जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आयट्यून्सच्या ४.९ या आवृत्तीत पॉडकास्टची सूची समाविष्ट केली. ही सूची स्वतः ध्वनी-फाईल साठवीत नव्हती. निर्मात्याने आपल्या फीडचा पत्ता द्यायचा आणि सूचीने त्यातील वर्णन वाचून मांडायचे, अशी ही व्यवस्था होती. त्यासाठी लेखक, विषयवर्ग, कालावधी, सारांश, बीजशब्द असे अधिकचे घटक ॲपलने ठरवून दिले. सूची म्हणजे वस्तुतः एक तालिका होती. परंतु तिच्यातील प्रत्येक नोंद ग्रंथपालाने नव्हे, तर निर्मात्याने लिहिलेली होती.

या रचनेचे एक वैशिष्ट्य शैक्षणिक संस्थांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. फीड निर्मात्याच्या मालकीची असते. गूगलने २०१८ मध्ये सुरू केलेली स्वतंत्र पॉडकास्ट सेवा २०२४ मध्ये बंद केली; तरीही ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती, त्यांची व्याख्याने इतर सेवांवर पूर्ववत उपलब्ध राहिली. याउलट एखाद्या मंचावर थेट चढविलेल्या आशयाचे वर्णन त्या मंचाबरोबरच नाहीसे होऊ शकते. २००५ मध्ये सुरू झालेली गूगल व्हिडिओ ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली, हे या संदर्भात स्मरणीय आहे.

७. ऑनलाइन व्हिडिओ : टॅग, गैरवापर व विश्वासाचा प्रश्न

यूट्यूबवरील पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी ठेवण्यात आला. शीर्षक, वर्णन व टॅग हे तीन रकाने व्हिडिओ चढविणाऱ्याने भरावेत, अशी पद्धत रूढ झाली. तो काळ सामान्य वापरकर्त्यांनी स्वतःच्या शब्दांत केलेल्या वर्गीकरणाचा होता. २००४ मध्ये थॉमस वँडर वाल यांनी या प्रवृत्तीला ‘फोकसॉनॉमी’, म्हणजे लोकवर्गीकरण, असे नाव दिले होते. नियमबद्ध विषयशीर्षकांची जागा मुक्त शब्दांनी घेतली.

मुक्ततेबरोबर गैरवापरही आला. आशयाशी संबंध नसलेले लोकप्रिय शब्द टॅगमध्ये भरून प्रेक्षक खेचण्याचे प्रकार वाढले. संकेतस्थळांच्या बाबतीत हा अनुभव आधीच आलेला होता. पानाच्या संहितेत दडविलेल्या बीजशब्दांचा शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी आपण विचार करीत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. यूट्यूबने २०१२ मध्ये टॅग सार्वजनिकरीत्या दाखविणे बंद केले आणि त्याच वर्षी क्रमवारीसाठी केवळ पाहणाऱ्यांच्या संख्येऐवजी पाहण्याच्या कालावधीला अधिक महत्त्व दिले. टॅगची भूमिका आता अत्यल्प असून मुख्यत्वे शब्दांच्या चुकीच्या लेखनाबाबत त्यांचा उपयोग होतो, असे यूट्यूबचे स्वतःचे मार्गदर्शन आहे.

या घडामोडींचा अर्थ मेटाडेटा निरुपयोगी ठरला असा नाही. प्रेक्षकाला न दिसणारे वर्णन निरुपयोगी ठरले, असा तो आहे. शीर्षक व वर्णन वाचकाच्या डोळ्यांसमोर असतात. ते खोटे निघाल्यास प्रेक्षक लगेच निघून जातो. म्हणून त्यांचे महत्त्व टिकून राहिले. २ जून २०११ रोजी गूगल, बिंग व याहू यांनी संयुक्तपणे ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील व्हिडिओविषयक रचनेत नाव, वर्णन, लघुचित्र, चढविल्याचा दिनांक, कालावधी इत्यादी घटक यंत्राला कळेल अशा ठरावीक स्वरूपात नोंदविता येतात. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एखादे व्याख्यान ठेवताना ही नोंद पानाच्या संहितेत केली, तर शोधयंत्राला त्या पानावर व्हिडिओ आहे व तो कशाविषयी आहे, हे निश्चितपणे समजते. २०२० पासून यूट्यूबच्या वर्णनात वेळनिर्देश देऊन व्हिडिओचे प्रकरणांत विभाजन करण्याची सोयही उपलब्ध आहे. त्यासाठी पहिला निर्देश शून्य मिनिटाचा असावा, किमान तीन निर्देश असावेत व प्रत्येक प्रकरण किमान दहा सेकंदांचे असावे, एवढ्याच अटी आहेत. ग्रंथाला अनुक्रमणिका असते, त्या अर्थाने व्याख्यानालाही अनुक्रमणिका मिळाली.

८. यंत्रकृत वर्णनाचा टप्पा

निर्मात्याच्या वर्णनावरील विश्वास कमी झाल्यावर मंचांनी आशय स्वतःच वाचण्याचा प्रयत्न सुरू केला. नोव्हेंबर २००९ मध्ये यूट्यूबने यंत्राने तयार केलेली उपशीर्षके आणली. आरंभ अर्थातच इंग्रजीपासून झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या संस्थेने ‘व्हिस्पर’ ही ध्वनीचे शब्दांकन करणारी प्रणाली खुली केली. मार्च २०२४ मध्ये ॲपलने पॉडकास्टचे स्वयंचलित शब्दांकन देण्यास प्रारंभ केला; त्या वेळी ही सोय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश या चार भाषांपुरती होती.

शब्दांकन उपलब्ध झाले की व्याख्यानातील प्रत्येक शब्द शोधता येतो. त्यामुळे ‘लेक्चर १’ या शीर्षकाखालील इंग्रजी व्याख्यानही त्यातील शब्दांच्या बळावर कोणाला तरी सापडू शकते. निष्काळजी शीर्षकाची भरपाई यंत्र करते. मराठी व्याख्यानाला मात्र ही भरपाई त्या प्रमाणात मिळत नाही. व्हिस्परच्या भाषांमध्ये मराठीचा समावेश असला, तरी तिच्या प्रशिक्षणातील मराठी ध्वनीचे प्रमाण इंग्रजीच्या तुलनेत नगण्य होते आणि शब्दांकनाच्या अचूकतेतही मोठी तफावत दिसून येते. संतसाहित्य, बोलीभाषा, ऐतिहासिक व्यक्तिनामे व पारिभाषिक संज्ञा यांच्या बाबतीत अडचण अधिक वाढते. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमामुळे भारतीय भाषांच्या यंत्रसुविधांना चालना मिळाली आहे. तथापि यंत्राचे शब्दांकन माणसाने तपासून घेण्याची आवश्यकता आजही संपलेली नाही.

९. मराठी आशयापुढील विशेष अडचणी

पहिली अडचण लिपीची आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. तरीही मराठी मुद्रणव्यवहार दीर्घकाळ निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र टंकांवर चालला. त्या टंकांत सिद्ध झालेल्या टिपणांतील मजकूर थेट वर्णनाच्या रकान्यात उतरविल्यास तो अर्थहीन रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. ही अडचण टाळण्यासाठी अनेक जण शीर्षक रोमन लिपीत लिहितात. रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आरंभीच्या जोडाक्षरापासूनच किमान तीन प्रकारे लिहिले जाते. लिहिणाऱ्याने एक प्रकार निवडला व शोधणाऱ्याने दुसरा वापरला, तर दोघांची गाठ पडण्याची खात्री राहत नाही.

दुसरी अडचण युनिकोडच्या आतच आहे. ‘ॲ’ या अक्षरास २००८ मध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला. तत्पूर्वी ते ‘अ’ व चंद्र ही दोन चिन्हे जोडून लिहिले जात असे आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. ‘ॲनिमेशन’ हा शब्द दोन्ही प्रकारे लिहिल्यास डोळ्यांना सारखाच दिसतो. परंतु यंत्राच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द असतात. ‘व्हिडिओ’ व ‘व्हिडीओ’ किंवा ‘माउली’ व ‘माऊली’ अशा लेखनभेदांचाही असाच परिणाम होतो.

तिसरी अडचण नामांची आहे. वि. वा. शिरवाडकर व कुसुमाग्रज, ज्ञानेश्वर व ज्ञानदेव, तुकाराम व तुकोबा ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र सांगावे लागते. ग्रंथालयशास्त्रात यासाठी प्रमाणित नामसूचीची व्यवस्था आहे. ग्रंथपालाच्या हातून वर्णनाचे काम सुटले, तेव्हा ही व्यवस्थाही मागे पडली.

चौथी अडचण भाषानिर्देशाची आहे. मराठी, हिंदी व कोकणी या तिन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. आंतरराष्ट्रीय मानकात मराठीसाठी ‘एमआर’ हा संकेत निश्चित आहे व पॉडकास्टच्या फीडमध्ये त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो रिकामा राहिल्यास किंवा साधनाने आपोआप इंग्रजी अशी नोंद केल्यास मराठी कार्यक्रम मराठीच्या सूचीत येण्याची शक्यता मावळते.

या चारही अडचणींचा निरास करण्यासाठी खर्चिक यंत्रणा लागत नाही. प्रत्येक ठिकाणी भाषा जाणणाऱ्या व नियम पाळणाऱ्या व्यक्तीची आवश्यकता आहे.

१०. महाविद्यालयीन पातळीवरील उपाय

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयांना पुढील कार्यपद्धती सुचविता येईल.

१) शीर्षक विषयबोधक असावे. ‘इतिहास लेक्चर ७’ या शीर्षकाऐवजी ‘सत्यशोधक समाजाची स्थापना (१८७३) : पार्श्वभूमी व कार्य’ असे शीर्षक दिल्यास विषय, काळ व व्याप्ती एका ओळीत स्पष्ट होतात. वर्ग, सत्र व घटक यांचा निर्देश वर्णनाच्या अखेरीस करावा. कारण अभ्यासक्रम बदलतात, विषय टिकतो.

२) वर्णनाच्या पहिल्या दोन वाक्यांत व्याख्यानाचा आशय सांगावा. व्यक्ती, स्थळ व ग्रंथ यांच्या नावांचे प्रचलित पर्याय वाक्यांतच स्वाभाविकपणे यावेत. उदाहरणार्थ, वरील व्याख्यानाच्या वर्णनात महात्मा जोतीराव फुले, जोतिबा फुले व पुणे हे शब्द यावेत. शीर्षकाचे एक रोमन रूपही वर्णनात द्यावे.

३) व्याख्यान दिल्याचा दिनांक व ते महाजालावर चढविल्याचा दिनांक स्वतंत्रपणे नोंदवावा. जुनी ध्वनिफीत नव्याने चढविताना हा भेद न केल्यास ‘राजा हरिश्चंद्र’संबंधीच्या वादासारखे प्रश्न पुढील पिढीपुढे उभे राहतील.

४) वक्ता, प्रश्नकर्ते, ध्वनिमुद्रण करणारे व साथीदार यांची नावे त्यांच्या संमतीने नोंदवावीत. वापराविषयीचे हक्कही स्पष्ट करावेत.

५) वेळनिर्देशांसह प्रकरणांची यादी द्यावी. शक्य असेल तेथे यंत्राने केलेले शब्दांकन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तपासून जोडावे. भाषाविषयाच्या विद्यार्थ्यांसाठी हे काम प्रकल्प म्हणूनही उपयुक्त ठरेल. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांना याचा थेट लाभ होईल.

६) प्रत्येक नोंदीची प्रत डब्लिन कोअरच्या पंधरा घटकांनुसार महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. मंच बंद पडला तरी कोणते व्याख्यान कोणी, केव्हा दिले, ही माहिती संस्थेजवळ राहील. आयआयटी खरगपूरने विकसित केलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयासारख्या व्यवस्थेशी जोडून घेतानाही अशी नोंद उपयोगी पडेल.

या कामाची जबाबदारी केवळ व्याख्यात्यावर टाकणे योग्य होणार नाही. व्याख्याता विषय जाणतो. ग्रंथपाल नामांचे, लेखनाचे व विषयशीर्षकांचे नियम जाणतो. दोघांनी मिळून केलेली नोंदच विश्वासार्ह होईल.

११. निष्कर्ष

दृक्-श्राव्य साहित्याच्या वर्णनाच्या इतिहासात तीन टप्पे दिसून येतात. पहिल्या टप्प्यात प्रकाशक व ग्रंथपाल यांनी वर्णन केले. ते विश्वासार्ह पण मर्यादित होते. दुसऱ्या टप्प्यात निर्मात्याने स्वतः वर्णन केले; ते विपुल झाले पण नियम सुटले आणि काही अंशी विश्वासही गेला. तिसऱ्या टप्प्यात यंत्राने वर्णन करण्यास आरंभ केला; परंतु यंत्राचे सामर्थ्य सर्व भाषांना समान प्रमाणात लाभलेले नाही.

इंग्रजीतील निष्काळजी नोंद यंत्र सावरून घेते. मराठीतील निष्काळजी नोंद बहुधा तशीच राहते. म्हणून मराठीत वर्णनाचे महत्त्व इंग्रजीपेक्षा कमी नसून अधिक आहे. २०२० नंतर मुद्रित झालेली व्याख्याने देणारे अध्यापक आज बहुतांशी सेवेत आहेत. कोणत्या ध्वनिचित्रफितीत कोणता विषय आहे, तो केव्हा शिकविला गेला आणि त्यात कोणाचा सहभाग होता, हे त्यांना आज सांगता येते. ते निवृत्त झाल्यानंतर फिती उरतील. परंतु त्यांची ओळख सांगणारे कोणी उरणार नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील अनामिक साथीदारांच्या बाबतीत जे घडले, त्याची पुनरावृत्ती टाळावयाची असेल, तर या नोंदी करण्याचे काम महाविद्यालयांनी विनाविलंब हाती घेणे अगत्याचे आहे.